घरांतील आडोसा

शहरांतील घरांत माणसें वाढतात, भिंती वाढत नाहींत. मुलगी दहावीच्या वर्गांत जाते, मुलाचें लग्न होतें, गांवाकडचें घर बंद करून आजी कायमच्या राहावयास येतात, आणि काल-परवांपर्यंत प्रशस्त वाटणारी बैठकीची खोली एकाएकीं अपुरी पडूं लागते. मोठी जागा विकत घेणें बहुतेकांच्या आवांक्याबाहेरचें असतें. मग एखाद्या रविवारीं घरांतील मंडळी एकत्र बसतात आणि मध्यें कांहीं तरी आडोसा करावा असें ठरतें. कोणी पडदा सुचवितो, कोणी लांकडी जाळी, कोणी दुधी कांच, तर कोणी सरळ कपाटच मध्यें उभें करण्याचा सल्ला देतो. दुकानांत चौकशी होते, किंमती विचारल्या जातात, रंग पसंत पडतो. या साऱ्या खटाटोपांत एक प्रश्न मात्र विचारावयाचा राहून जातो. हा आडोसा कोणासाठीं आणि कशापासून?

हा प्रश्न आधीं विचारण्याचें कारण असें कीं, आडोसा म्हणजे भिंत नव्हे. विटांची भिंत चार गोष्टी अडविते: नजर, आवाज, वारा आणि उजेड. पडदा, जाळी, बांबूचा तट्ट्या किंवा पुस्तकांची मांडणी यांचें खरें काम एकच, आणि तें म्हणजे नजर अडविणें. तें काम त्यांच्याकडून थोड्या खर्चांत उत्तम होतें. आवाज त्यांच्यानें जवळजवळ अडतच नाहीं. उलट वारा व उजेड, जे लहान जागेंत कधींच अडूं नयेत, ते भलत्या ठिकाणीं उभ्या केलेल्या आडोशानें पुरते अडून बसतात. बहुतेक घरांत फसगत होते ती येथेंच. मुलीला अभ्यासाला शांतता मिळावी म्हणून छताच्या जवळ जाईल अशी प्लायवुडची पडदी उभारली जाते; शांतता येत नाहीं, हवा मात्र जाते.

आवाज मुख्यतः वजनानें अडतो. आडोशाच्या दर चौरस मीटरचें वजन दुप्पट केलें तर पलीकडे जाणारा आवाज सुमारें सहा डेसिबलनें उतरतो, असा ध्वनिशास्त्राचा ढोबळ नियम आहे. साडेचार इंची विटेच्या भिंतीचें वजन, दोन्ही अंगांच्या गिलाव्यासह, दर चौरस मीटरला अडीचशें किलोंच्या आसपास भरतें. जाड पडद्याचें वजन जेमतेम अर्धा किलो. भिंतीला कान असतात अशी म्हण ज्या भाषेंत आहे, त्या भाषेच्या माणसांनीं पडद्याकडून मौनाची अपेक्षा ठेवावी हें नवलच. शिवाय आवाज पाण्यासारखा फटींतून वाट काढतो. वर दीड फूट मोकळें सोडलें कीं खालच्या वजनाचा उपयोग फारसा उरत नाहीं. जाड कापड, सतरंजी आणि पुस्तकें यांमुळें खोलींतला घुमणारा आवाज थोडा शोषला जातो, आणि खोली किंचित् निवांत भासते, एवढें खरें. पण पलीकडच्या टी. व्ही. वरील बातम्या शब्दन् शब्द ऐकूं येतात त्या येतातच. शांतता हवी असेल तर ती सुताराकडून मिळत नाहीं, घरांतल्या माणसांकडून मिळते. रात्रीं आठ ते दहा टी. व्ही. बंद ठेवण्याचा करार कोणत्याही पडदीहून स्वस्त पडतो. तो मोडतोही तितक्याच लवकर, ही गोष्ट निराळी.

वाऱ्याची हकीकत याच्या नेमकी उलट आहे. खोलींत सुटा उभा करण्याचा आडोसा ही मूळची चीनची वस्तु. हान राजवटीच्या काळांत ती तेथें प्रचारांत होती, आणि सातव्या-आठव्या शतकांत ती जपानांत गेली. चिनी भाषेंत तिला पिंगफेंग म्हणतात, जपानींत ब्योबू. दोन्ही शब्द त्याच दोन चिन्हांनीं लिहितात, आणि अर्थही एकच: वारा थोपविणारें. थंडीच्या दिवसांत दारांतून येणारी झुळूक अंगावर येऊं नये, हा तिचा मूळ हेतु. पुढें सतराव्या-अठराव्या शतकांत लाखेचें रंगीत काम केलेले चिनी आडोसे यूरोपांतील श्रीमंतांच्या दिवाणखान्यांत पोंचले. ते भारताच्या पूर्व किनाऱ्यावरील बंदरांतून पुढें जात, म्हणून त्यांना कोरोमंडल असें नांव पडलें. माल चीनचा, नांव चोळमंडलाचें. आज दुकानांत मिळणारी तीन-चार पाखांची घडीची चौकट याच कुळांतली. दिसावयास ती देखणी असते, यांत शंका नाहीं. परंतु जी वस्तु वारा थोपविण्यासाठीं जन्मास आली ती मे महिन्यांतल्या मुंबईच्या खोलींत आणतांना दोनदां विचार केलेला बरा.

भारतांतील कारागिरांनीं दुसरा मार्ग धरला. दगडी व लांकडी जाळ्या, चिकाचे पडदे, पाणी शिंपडलेले वाळ्याचे तट्टे या सर्वांत एकच युक्ति आहे: नजर अडवावी, वारा सोडावा. जयपूरचा हवामहाल १७९९ सालीं बांधला गेला, तेव्हां राजघराण्यांतील स्त्रियांना रस्ता दिसावा आणि रस्त्याला त्या दिसूं नयेत अशी योजना होती. आणि इमारतीला नांव मात्र हवेचें मिळालें. या जाळीचें गमक उजेडांत आहे. जी बाजू अंधारी असते तेथून उजेडाकडचें सारें दिसतें. उजेडाच्या बाजूनें अंधारांतलें कांहीं दिसत नाहीं. म्हणून दिवसां खिडकीवरील चिकाच्या पडद्यामागें बसलेला मनुष्य रस्त्यावरून दिसत नाहीं. परंतु दिवेलागण झाली, आंत दिवा लागला, कीं बाजू उलटते. दिवसभर राखलेला सारा एकांत त्या क्षणीं उघडा पडतो, आणि तो पडला आहे हें आंतल्या माणसाच्या ध्यानींही येत नाहीं. घरांत जाळीचा किंवा विरळ विणीचा आडोसा घेणाऱ्यानें तो दुकानाच्या झगमगाटांत पाहून पसंत करूं नये. रात्रीं, एका बाजूचा दिवा लावून व दुसऱ्या बाजूचा मालवून, दोन्हीकडून पाहावा. ज्या कोपऱ्यांत कोणी कपडे बदलणार असेल तेथें जाळीच्या आंतल्या अंगास साधा सुती पडदा असलाच पाहिजे.

जुन्या मराठी वाड्यांत असल्या आडोशाची फारशी गरज नव्हती. अंतर हाच आडोसा होता. ओटी, माजघर, स्वयंपाकघर अशीं दालनें एकामागें एक असत, आणि पाहुण्यानें कोठवर यावें हें नात्यावर ठरे. त्या व्यवस्थेचें कौतुक करतांना तिची दुसरी बाजूही विसरतां येत नाहीं. बाळंतिणीची खोली बहुधा घरांतली सर्वांत अंधारी खोली असे; वारा लागूं नये म्हणून झरोकाही बुजविलेला, आणि आंत शेगडीचा धूर. जिला हवेची सर्वांत अधिक गरज तिच्याच वांट्याला हवा येत नसे. आडोसा माणसाच्या सोयीसाठीं आहे कीं माणसाला कोंडण्यासाठीं, हा भेद तेव्हांही होता आणि आजही आहे.

मुंबईंत १८९६ सालीं प्लेगची सांथ आली. त्यानंतर १८९८ सालीं सिटी इंप्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला, १९२० सालीं डेव्हलपमेंट डिपार्टमेंट निघालें, आणि कामकरी कुटुंबांसाठीं सरकारी चाळी उभ्या राहिल्या. वरळी, नायगांव, डिलाइल रोड येथील बी. डी. डी. चाळींतली एक खोली सुमारें १६० चौरस फुटांची. तेवढ्यांत स्वयंपाक, मोरी, झोंप, अभ्यास, आजारपण आणि नव्या जोडप्याचा संसार. दोरीवर टाकलेलें जुनें लुगडें हाच तेथला आडोसा होता, आणि त्या लुगड्याच्या अलीकडे-पलीकडे पिढ्यान् पिढ्या वाढल्या. पुढें ब्लॉकांत राहावयास गेलेल्या मंडळींना वाटलें कीं तो प्रश्न मागें पडला. तो २०२० सालीं पुन्हां दारांत उभा राहिला. करोनाच्या सांथींत कचेरी घरांत आली, शाळा घरांत आली, आणि एकाच खोलींत वडिलांची सभा, मुलाचा तास व आजींची दुपारची झोंप एकाच वेळीं चालूं लागली. सांथ ओसरली, तरी अनेक घरांतील टेबलें जेथें मांडलीं होतीं तेथेंच राहिलीं.

आतां एक खोली डोळ्यांसमोर आणावी. दहा फूट रुंद, सोळा फूट लांब. म्हणजे त्या चाळींतल्या अख्ख्या बिऱ्हाडाएवढी. एका आंखूड भिंतीला खिडकी, समोरच्या भिंतीला दार. वारा खिडकींतून शिरतो आणि दारावाटे जातो. अशा खोलींत मधोमध आडवी पडदी घातली कीं खिडकीकडील अर्धी खोली सुखी होते आणि दाराकडील अर्धी कोंदट व काळोखी होते. उभी पडदी घालावी तर पांच-पांच फुटांच्या दोन गल्ल्या उरतात. तीन फुटांची खाट टाकली तर चालावयास दोन फूट. म्हणून आडवाच आडोसा घ्यावा, पण पुरता घेऊं नये. दहांपैकीं सहा फूट अडवावे, चार मोकळे सोडावे. उंची सहा फुटांवर ठेवावी. उभ्या माणसाचे डोळे साधारण पांच फुटांवर असतात, त्यामुळें नजर अडते आणि वर तीन-साडेतीन फूट वारा खेळतो. खालींही सहा-आठ इंच उचललेला असावा. हवा वाहते, केर काढतां येतो, आणि पावसाळ्यांत लांकडाला ओल लागत नाहीं. अभ्यासाच्या कोपऱ्यासाठीं तर साडेचार फूटही पुरे. खुर्चीवर बसलेलीं माणसें परस्परांस दिसत नाहींत, आणि आईला येतां-जातां वरून पाहतां येतें कीं पुस्तक उघडें आहे कीं मोबाईल.

पंख्याचा विचार तर बहुधा पडदी उभी राहिल्यावर सुचतो. खोलीच्या मध्यावर एकच पंखा असेल तर त्याखालीं ठेंगणा आडोसा चालतो. वारा दोहोंकडे वांटला जातो. छतापासून सोडलेला पडदा पंख्याच्या टप्प्यांत आला तर पात्यांत अडकण्याचें भय असतें. तो पात्यांच्या टोंकांपासून निदान दोन फूट दूर हवा, आणि मग ज्या बाजूस पंखा राहिला नाहीं त्या बाजूसाठीं दुसऱ्या पंख्याचा खर्च आधींच हिशेबांत धरावा.

आणि खिडकी कोणाच्या वांट्याला? येथें घराची खरी परीक्षा होते. रिवाज असा कीं खिडकी बैठकीकडे राहते, कारण तेथें पाहुणे बसतात आणि सोफा तेथेंच शोभतो. आडोशामागचा अंधारा भाग आजींच्या खाटेला मिळतो. पाहुणा आठवड्यांतून दोन तास येतो. आजी दिवसाचे चोवीस तास तेथेंच असतात. त्यांना खोकला असतो, रात्रीं उठावें लागतें, कधीं अंथरुणांतच भांडें घ्यावें लागतें. लाज राखण्यासाठीं आडोसा त्यांना सर्वांत अधिक हवा आणि हवा-उजेडही त्यांनाच. ज्याचा दिवस घरांत जातो त्याला खिडकी, हा नियम मानला तर पुष्कळ घरांतील सामान उलटें मांडावें लागेल, आणि तें मांडण्यासारखें आहे. टी. व्ही. ला वारा लागत नाहीं.

जिनसांपैकीं पहिला मान पडद्याचा, आणि तो केवळ स्वस्ताईमुळें नव्हे. पडदा बाजूस सारला कीं खोली पुन्हां एक होते. भिंतीला हें साधत नाहीं. लग्नांतल्या अंतरपाटाचें सारें महत्त्व तो दूर होण्यांत आहे. घरांतल्या आडोशालाही तो गुण थोडा असावा. सणावारीं, सत्यनारायणाला, पंगतीला तीच खोली पुरी लागते. मात्र पडद्याला कापड सढळ हातानें घ्यावें. दांडीच्या लांबीच्या दुप्पट रुंदीचें कापड नसेल तर चुण्या पडत नाहींत आणि तो ताणलेल्या चादरीसारखा दिसतो. सहा फुटांच्या दांडीला बारा फूट रुंदी, म्हणजे चार फुटी पन्ह्याचे तीन पाट. प्रत्येक पाट शिवणीसह आठ फूट धरला तर चोवीस फूट, अथवा सुमारें साडेसात मीटर कापड लागतें. कापड धुतल्यावर आटणारें असेल तर आधीं भिजवून घ्यावें. रंग फिका असावा; गडद पडदा उजेड पितो. शेगडीपासून तो दूर असावा हें सांगावयास नको, पण वाऱ्यानें तो कोठवर उडतो हें मोजून पाहणारे थोडे.

बांबू हा या देशाचा जुना सोबती. बुरुडाकडून मापानें विणून घेतलेला तट्ट्या हलका असतो, हवा सोडतो, आणि लांकडाच्या चौकटींत बसविला तर शोभूनही दिसतो. त्याचा शत्रु भुंगा. बांबूंतल्या पिठूळ अंशावर तो जगतो आणि आंतून पोखरून पिवळसर भुकटी खालीं पाडतो. बोरॅक्स व बोरिक ॲसिडच्या पाण्यांत मुरवलेला बांबू त्यापासून वांचतो. घेतांना तशी खात्री करून घ्यावी.

पुस्तकांची दोन्ही अंगांनीं उघडी मांडणी हा सुशिक्षितांच्या घरांतला आवडता आडोसा. तीस दहा-बारा इंच खोली पुरते. पण एक फूट लांबीच्या पुस्तकांचें वजन सहज आठ-दहा किलो होतें, हें विसरूं नये. अशी मांडणी जमिनीला किंवा भिंतीला पक्की जखडल्याशिवाय मध्यें उभी करणें म्हणजे घरांतील लहान मुलाच्या जिवाशीं खेळ आहे. मूल पहिल्या फळीवर पाय देतें, दुसरी हातानें धरतें, आणि सारा डोलारा पुढें येतो. जड ग्रंथ खालीं, हलके वर. घडीच्या चौकटीलाही हाच धोका. ती सरळ उभी राहत नाहीं, नागमोडीच राहते; पाखें अगदीं सरळ केलीं कीं धक्क्यासरशीं आडवी होते. धांवतीं मुलें असलेल्या घरांत ती नसावी.

कपाटाचा आडोसा दोन फूट जागा खातो, पण ती परत देतो, सामान मावतें. त्याची पाठ मात्र ज्या बाजूस येईल तेथल्या माणसाला रोज एक उघडी, ओकीबोकी फळी पाहावी लागते. तिला रंग तरी द्यावा. एम. डी. एफ. च्या कोरीव जाळ्या स्वस्त व सुबक असतात, पण कोंकण किनाऱ्याच्या दमट हवेंत त्यांच्या कडा फुगतात. कांच घ्यावयाची तर टफन्ड घ्यावी. ती फुटली तर सुऱ्यांसारखे तुकडे न होतां बोथट खडे होतात. दुधी कांचेंतून चेहरा दिसत नाहीं, आकृति दिसते. मागें दिवा असला तर अधिकच.

उरली पक्की पडदी. जिप्समची पडदी दर चौरस मीटरला सुमारें पंचवीस किलो भरते. ती छतापर्यंत नेऊन फटी बुजविल्या आणि पोकळींत खनिज लोकर भरली तर आवाजालाही बऱ्यापैकीं आळा बसतो. मात्र तेव्हां दोन्ही बाजूंना स्वतंत्र खिडकी हवी. विटांची भिंत दहा फूट लांब व नऊ फूट उंच घातली तर दोन टनांचें ओझें स्लॅबवर येतें. इंजिनिअरला व सोसायटीला विचारल्याशिवाय गवंड्याला हांक मारूं नये. शिवाय ती पांच चौरस फूट जमीन खाते. २०१६ सालच्या स्थावर संपदा कायद्यांतील व्याख्येप्रमाणें आंतल्या पडद्यांखालची जमीनही चटईक्षेत्रांत मोजली जाते. म्हणजे जेथें खुर्ची कधीं ठेवतां येणार नाहीं त्या जागेचेही पैसे घर घेतांना मोजलेले असतात.

कोणताही निर्णय करण्यापूर्वीं एक साधा प्रयोग करून पाहण्यासारखा आहे. ठरलेल्या ठिकाणीं, ठरलेल्या उंचीवर, एक दोरी बांधावी आणि तिच्यावर जुनी चादर टाकावी. आठ दिवस घर तसेंच चालूं द्यावें. रात्रीं पाणी प्यावयास उठणारा कोठें अडखळतो, दुपारीं दिवा लावावा लागतो कां, दूधवाल्याला दार उघडल्यावर आंतलें काय दिसतें, पंख्याचा वारा कोणाला लागेनासा झाला, हें सारें त्या आठ दिवसांत कळतें. दोरी चार बोटें सरकविली तरी फरक पडतो. पडदी सरकवितां येत नाहीं. आठव्या दिवशीं मुलीला विचारावें, सुनेला विचारावें, आणि आजींना तर त्यांच्या खाटेशीं बसून विचारावें, कारण त्या आपण होऊन कांहीं मागणार नाहींत. त्यांनीं खाट थोडी खिडकीकडे सरकवा म्हटलें तर आधीं खाट सरकवावी, मग दोरी, आणि त्यानंतर सुताराला बोलवावें.